समुद्राची मर्यादा आणि आपली

लोंढ्याचा पाऊस ज्यांनी पाहिला नाही, त्यांना या गावाचं नाव कळायचं नाही. जूनमध्ये एकदा सुरू झाला की काडेपेटी पेटत नाही, पापड मऊ पडतात आणि कपडे चुलीवर दोरी बांधून वाळवावे लागतात. अशाच एका दुपारी, सुट्टीला आलेल्या धाकट्या लेकीनं माजघरात सतरंजीवर एक नकाशा पसरला. ती कारवारला समुद्री जीवशास्त्र शिकते. आमच्या सासरचे लोक रेल्वेतले, माहेर निपाणीकडचं तंबाखूच्या शेतांतलं. दोन्ही घरांत समुद्राचं नाव निघायचं ते फक्त गोव्याची गाडी उशिरा आली म्हणजे.

नकाशावर किनारा होता आणि किनाऱ्याला लागून समुद्रावर चौकोन आखलेले होते. काही लाल, काही पिवळे, पुष्कळसे पांढरे. मी विचारलं, “हे काय गं, भरतकामाचा नमुना?” ती हसली. म्हणाली, “आई, सगळा समुद्र एकदम राखता येत नाही. आधी कुठला राखायचा ते ठरवावं लागतं. लाल म्हणजे सर्वांत आधी, पिवळा म्हणजे त्याच्यानंतर.”

“आणि पांढरा?”

“पांढरा म्हणजे सध्या नाही.”

माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, “मग पांढऱ्या चौकोनातल्या जीवांनी काय पाप केलंय?”

ती गप्प झाली. मग माझ्या हाताकडे बघून हळूच म्हणाली, “आई, तुझ्या बोटातही समुद्राचा एक तुकडा आहे.”

माझ्या उजव्या हातात पोवळ्याची अंगठी होती. मंगळासाठी म्हणून वडिलांनी लग्नाआधी करून दिलेली. तीस वर्षं मी ती खडा म्हणून घातली. त्या दुपारी दोन प्रश्न एकदमच अंगावर आले. एक मी तिला विचारलेला आणि एक तिनं मला. या लेखात त्या दोन्हींचं उत्तर शोधायचा प्रयत्न करते आहे.

आधी हे चौकोन काय असतात ते, जसं मला समजलं तसं, सांगते. जगभरच्या देशांनी मिळून जैवविविधतेचा एक करार केला आहे. त्या देशांच्या २००८ साली जर्मनीत बॉन इथे झालेल्या बैठकीत समुद्रातल्या महत्त्वाच्या जागा ओळखण्यासाठी सात कसोट्या ठरल्या. ती जागा दुसरीकडे न सापडणारी आहे का? जीवांच्या आयुष्यातल्या एखाद्या नाजूक काळासाठी, म्हणजे अंडी घालायला, पिलं वाढायला, ती लागते का? नाहीशा होत चाललेल्या जाती तिथे राहतात का? एकदा मोडली की सावरायला तिला फार वर्षं लागतात का? तिथे अन्न भरपूर तयार होतं का? जीवांचे प्रकार पुष्कळ आहेत का? आणि माणसाचा हात तिथे अजून कमी लागला आहे का? या कसोट्यांवर एकेक जागा घासून बघायची.

पण नुसते गुण मोजून भागत नाही, असंही ती म्हणाली. नुसत्या गुणांवर निवडलं तर सगळ्या जागा एकाच प्रकारच्या निघू शकतात. सगळीकडे कांदळवनंच, नाहीतर सगळीकडे खडकच. म्हणून एकमेकींना पूरक जागा निवडायच्या. हे मला लगेच कळलं. महिन्याचं वाण भरताना आपण सगळ्यात चांगली मिळाली म्हणून दहा किलो तूरडाळच भरत नाही. थोडी मूग, थोडी मटकी, थोडे चवळे भरतो, म्हणजे घर चालतं. आणखी दोन गोष्टी बघतात. या जागेला दुसरा पर्याय आहे का, आणि तिच्यावर संकट किती जवळ आलं आहे. पर्याय नाही आणि संकट दारात आहे, तो चौकोन लाल.

आपल्या देशात डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेनं अशा १०६ महत्त्वाच्या किनारी आणि सागरी जागा निवडून काढल्या आहेत. त्यातल्या ६२ पश्चिम किनाऱ्यावर आणि ४४ पूर्व किनाऱ्यावर. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत तर विशेष जपण्याच्या जागांमध्ये महाराष्ट्रातली मालवण आणि आचरा-रत्नागिरी, कर्नाटकातली कारवार आणि कुंदापूर ही नावं छापलेली आहेत. सगळी आपल्या घाटाखालची. आणि २०२२ च्या डिसेंबरात कॅनडातल्या मॉन्ट्रियलला देशांनी मान्य केलं की २०३० पर्यंत निदान ३० टक्के जमीन आणि ३० टक्के समुद्र राखायचा.

तीस टक्के! माझं जैन मन इथेच अडखळलं. आपल्याला लहानपणापासून पाठशाळेत काय शिकवलं? प्रत्येक जीवाच्या ठिकाणी तोच आत्मा. मुंगीचा लहान आणि हत्तीचा मोठा, असं नाही. मग सत्तर टक्के समुद्रातल्या आत्म्यांना आपण ‘सध्या नाही’ म्हणणारे कोण? ही प्रतवारी म्हणजे बाजारातल्या आंब्यांची निवड झाली.

त्या रात्री सामायिकाला बसले, पण मन काही बसेना. मग एकेक आठवत गेलं. आपल्या आचार्यांनीही जीवांची वर्गवारी केलीच आहे की! स्थावर आणि त्रस. एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत. पंचेंद्रिय तिर्यंचांत पुन्हा जलचर, थलचर, नभचर. शंख दोन इंद्रियांचा, मासा पाच इंद्रियांचा. हे सगळं मोजलं ते कशासाठी? कुणाचा आत्मा स्वस्त आणि कुणाचा महाग हे ठरवायला खचित नव्हे. मोजलं ते पाऊल कुठे जपून टाकायचं हे आपल्याला कळावं म्हणून. गृहस्थाला पाणी, वारा, अग्नी यांच्यातली हिंसा पूर्ण टाळता येत नाही. तेव्हा निदान चालत्याफिरत्या जीवांची तरी जाणूनबुजून करू नको, असा तो हिशेब आहे. वर्गवारी यत्नाचारासाठी आहे.

आणि जागांचंही तसंच. आपण वड, पिंपळ, उंबर अशी पाच उदुंबर फळं का खात नाही? एका उंबरात किती जीव वळवळत असतात ते ज्यानं उंबर फोडून पाहिलंय त्याला सांगायला नको. कंदमूळ का सोडतो? एका शरीरात अनंत जीव म्हणून. याचा अर्थ दोडक्यात जीव नाही असा होत नाही. जिथे जीवांची दाटी आहे तिथे हात आधी आखडायचा, इतकाच त्याचा अर्थ. कांदळवनाच्या मुळांत जिथे कोळंबीची आणि माशांची पिलं वाढतात, प्रवाळाच्या खडकांत जिथे एकाच्या आधारानं शंभर राहतात, ते समुद्राचे उंबरच आहेत. लेकीचा लाल चौकोन मला तेव्हा थोडा उमगला. तो कुणाला मोठं ठरवत नाही. माणसाचा हात सर्वांत आधी कुठे थांबला पाहिजे, ते सांगतो. आणि पांढरा चौकोन म्हणजे मोकळं रान नव्हे. आपण दोडका खातो म्हणून तो तुडवत जात नाही.

इथवर आले आणि वाटलं, सुटला प्रश्न. पण खरा प्रश्न पुढेच होता, आणि तो मला एका बाईनं आधीच विचारून ठेवला होता.

चार-पाच वर्षांपूर्वी आम्ही मंडळातल्या बायका मालवणला गेलो होतो. सिंधुदुर्ग किल्ला बघितला, बोटीतून परतलो. धक्क्याजवळ एक गाबीत बाई जाळ्यातला कचरा काढत बसली होती. आमच्यातली एकजण सहज म्हणाली, आणि मीही मान डोलावली, की हे सगळं मासे पकडणं बंदच झालं पाहिजे, किती हिंसा! त्या बाईनं मान वर केली. रागावली नाही. इतकंच म्हणाली, “तुमी मासे खाणास नाय. दर्या बंद झालो तर तुमच्या ताटातला काय कमी होतला?”

आमच्यातल्या कुणालाही उत्तर देता आलं नाही. गाडीत बसल्यावर एकीनं “त्यांना काय कळतं” असं म्हणून विषय संपवला. माझा काही संपला नाही.

नंतर कळलं की मालवणचा तो समुद्र तर कागदावर आधीच बंद होता. १९८७ साली तिथे सागरी अभयारण्य जाहीर झालं, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं. त्यातला सुमारे तीन चौरस किलोमीटरचा गाभा म्हणजे किल्ल्याभोवतालचा भाग, पद्मगड आणि पाण्याखालचे खडक. प्रवाळ, शेवाळ, शिंपले, मासे, सगळ्यांची दाटी असलेली जागा. कुठल्याही कसोटीवर ती लालच ठरावी. पण जाळी टाकून पोट भरणाऱ्यांना वाटलं की आपल्या अंगणात येऊन कुणीतरी रेघ मारून गेलं, आणि त्यांनी विरोध केला. तो विरोध वर्षानुवर्षं राहिला. बरं, समुद्राला जे लागतं ते सगळं मच्छीमाराच्याच जाळ्यानं लागतं असंही नाही. आम्हीही त्याच किल्ल्यापर्यंत धूर सोडणाऱ्या बोटीतूनच गेलो होतो ना? रेघ कुणासाठी होती मग?

गंमत म्हणजे कायद्यालाही हे कळलेलं आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात लिहिलं आहे की समुद्रात अभयारण्य करताना स्थानिक मच्छीमारांच्या पोटापाण्याची पुरेशी तजवीज करावी. पुढे २००२ च्या दुरुस्तीत ‘सामुदायिक राखीव क्षेत्र’ नावाचा नवा प्रकारही आला, ज्यात गावानं आपण होऊन जागा राखायची. त्या १०६ जागा निवडणाऱ्यांनीही, त्या लोकांना सोबत घेऊन अशा रीतीनं राखाव्यात, असंच सुचवलं आहे. कागदावर शहाणपण कमी नाही. पण कागदावरचं शहाणपण त्या बाईच्या धक्क्यापर्यंत पोचायला फार उशीर लागतो.

आपल्या नेमिनाथांची गोष्ट आठवते. लग्नाची वरात निघालेली. वाटेत कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकला. पाहुण्यांच्या जेवणासाठी कोंडलेत असं कळलं. त्यांनी काय केलं? मांडवातल्या पाहुण्यांना उपदेशाचे डोस पाजले नाहीत. पशू सोडवले आणि स्वतःचा रथ वळवला. स्वतःचं लग्न, राज्य, सुख सोडलं. त्यागाची सुरुवात त्यांनी आपल्या ताटापासून केली. आणि योगायोग बघा, नेमिनाथांचं लांछन शंख. मुनिसुव्रतनाथांचं कासव, पुष्पदंतांचं मगर. तीन तीर्थंकरांच्या पायाशी पाण्यातले जीव कोरलेले आहेत आणि आपण म्हणतो, आमचा समुद्राशी काय संबंध!

व्रत स्वतः घ्यायचं असतं. सासूनं सुनेला उपास ‘घालून’ दिला तर ते व्रत होत नाही, ती उपासमार होते. हे आपण बायकांनी घराघरांत पाहिलंय. दुसऱ्याच्या चुलीवर मारलेली रेघ ही बंदी. आपल्या हातावर मारलेली रेघ हे व्रत. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात.

पण इथे मला माझ्याच म्हणण्याला थांबवलं पाहिजे. सगळं व्रतावर सोडून चालेल का? नाही. किनाऱ्यावरचे रापणकर पिढ्यान्‌पिढ्या ओढीच्या जाळ्यानं मासे धरत आले. त्यांच्या समोर यांत्रिक बोटी, पर्ससीनची प्रचंड गोल जाळी आणि रात्रीचे लख्ख दिवे घेऊन दुसरे आले, नि थव्याचे थवे उचलून न्यायला लागले. त्यांच्याकडून व्रताची वाट बघत बसलं असतं तर समुद्र रिकामा झाला असता. २०१६ साली महाराष्ट्र सरकारनं सोमवंशी समितीच्या शिफारशींवरून पर्ससीनवर निर्बंध घातले, २०१७ साली केंद्रानं दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आणली. ही बंदीच होती, आणि ती हवीच होती. ती मागणारे कोण होते? तेच लहान मच्छीमार, ज्यांना आम्ही धक्क्यावर अहिंसा शिकवायला निघालो होतो. ज्याच्या हाताला स्वतःचा लगाम नाही त्याच्यासाठी कायदा लागतो. फक्त कायद्याचं ओझं आधी कुणाच्या पाठीवर टाकायचं, यात न्याय-अन्याय ठरतो.

आणि त्यांच्याकडे व्रत नाही असंही समजू नका. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवायच्या ही कोळी-गाबितांची जुनी रीत. आता सरकारी नियमानं १ जून ते ३१ जुलै बंदी आहे, पण रीत नियमाच्या आधीची. पावसाळा म्हणजे माशांच्या विणीचा काळ. आपले मुनी तरी चातुर्मासात एका जागी का थांबतात? पावसात जीवांची उत्पत्ती वाढते, पावलाखाली हिंसा होते म्हणून. घाटाच्या वर आपले त्यागी थांबलेले, घाटाच्या खाली त्यांच्या होड्या थांबलेल्या. कारणं अगदी एक नाहीत, त्यांना पुन्हा दर्यावर जायचं आहे. पण पावसाळ्यात हात आवरायचा हे दोघांनाही ठाऊक आहे. रत्नागिरीच्या वेळास गावाचंही तसंच. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ पासून तिथे कासवांची अंडी राखायला सुरुवात केली आणि गावकऱ्यांनीच ते काम उचललं. जिथे अंडी खणून नेली जात होती तिथे आज पिलं समुद्रात जाताना बघायला माणसं येतात. गावानं आपण होऊन मारलेली रेघ टिकते.

आता माझी खरी अडचण सांगते, कारण ती लपवली तर हा लेख खोटा होईल. राखलेल्या जागेत मासे वाढतात, मोठे होतात आणि रेघेबाहेर येतात. तिथे ते पकडले जातात. मच्छीमारांना राखीव जागेचा फायदा समजावताना हेच सांगतात. मग मी त्या रेघेला ‘होय’ म्हणते तेव्हा पुढच्या पकडीला अनुमोदना देते का? आपल्याकडे कृत, कारित आणि अनुमोदना, तिन्हींचा दोष लागतो. लेकीला विचारलं. ती म्हणाली, “आई, याचं उत्तर माझ्या पुस्तकात नाही.”

मी पुष्कळ विचार केला. शेवटी असं वाटलं की गृहस्थाला अणुव्रत दिलं तेव्हाही हाच पेच होता. त्याला थोडी हिंसा सोडायला सांगितली, म्हणजे उरलेलीला परवानगी दिली का? नाही. जेवढी सोडली तेवढ्याचीच अनुमोदना असते. मी जाळं थांबतं त्या तीन चौरस किलोमीटरना होय म्हणते. उरलेल्या समुद्रात जे होतं ते मला मंजूर नाही, पण ते त्या बाईच्या तोंडचा घास काढून थांबवायचा अधिकारही मला नाही. अनेकांत म्हणजे सगळ्यांचं खरं म्हणून हात झटकणं नव्हे. तिची भूक खरी आणि माशाची तडफड खरी, दोन्ही एकाच वेळी डोळ्यांपुढे ठेवून पाऊल टाकणं म्हणजे अनेकांत. अवघड आहे. मला अजून पुरतं जमलेलं नाही.

मग आपल्या हातात काय उरतं? मैत्रिणींनो, इथे आपल्या श्रावकाचारातली दोन जुनी व्रतं कामाला येतात. दिग्व्रत आणि देशव्रत. दहा दिशांना आपल्या जाण्यायेण्याची मर्यादा जन्मभरासाठी घालून घ्यायची ते दिग्व्रत. त्यातही काही काळापुरता आणखी आवर घालायचा, या गल्लीबाहेर नाही, या नदीपलीकडे नाही, ते देशव्रत. समंतभद्र आचार्यांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात दिग्व्रताच्या खुणा सांगितल्या आहेत त्यात समुद्र, नदी, अरण्य, पर्वत आहेत. आणि तिथे एक फार मोठी गोष्ट सांगितली आहे. त्या मर्यादेच्या बाहेर गृहस्थाची अणुव्रतं महाव्रतांसारखी होतात. कारण तिथे त्याचा हात पोचतच नाही! आपल्या नुसत्या न जाण्यानं तिथल्या सगळ्या जीवांना अभय मिळतं. समुद्रातल्या राखीव जागेचा अर्थ याहून सोप्या शब्दांत मला सांगता येणार नाही.

पण या व्रतांचे अतिचारही सांगितलेत, आणि ते वाचताना मी चपापले. दिग्व्रताचा एक अतिचार म्हणजे घातलेली मर्यादा विसरून जाणं. कागदावर राहिलेली सगळी अभयारण्यं आठवली. देशव्रताचे अतिचार तर थेट आपल्या घरात येतात. हद्दीबाहेर स्वतः गेले नाही, पण तिथली वस्तू दुसऱ्याकरवी आणवली, तरी दोष. दुसऱ्याला पाठवून काम करून घेतलं, तरी दोष. आणि हद्दीबाहेर वस्तू फेकणं, हाही दोष. मूळ अर्थ खडा फेकून बाहेरच्याला खूण करण्याचा आहे. पण मला आपल्या कॅरिबॅगा दिसल्या.

कारण आपण समुद्रापासून लांब आहोत ही समजूतच चुकीची. आपल्या खानापूर तालुक्यातच म्हादई उगम पावते. ती गोव्यात मांडवी होते आणि पणजीला समुद्राला मिळते. याच तालुक्यात कणकुंबीला मलप्रभा उगवते, ती पूर्वेला जाते, कृष्णेला मिळते आणि बंगालच्या उपसागरात पोचते. एका तालुक्याचं पाणी दोन समुद्रांना! आपण पूजेनंतर जे निर्माल्य पिशवीसकट नदीत सोडतो, लग्नात ज्या प्लॅस्टिकच्या ताटल्या ओढ्याकाठी टाकतो, त्या कुठे जातात? मालवणची ती बाई जाळ्यातून कचरा काढत होती. तो कुणाचा होता हे आम्ही तिला विचारलं नाही. तिनं मात्र आम्हाला विचारायला हवं होतं.

गेल्या भाद्रपदात दशलक्षण पर्वात उत्तम संयमाच्या दिवशी मी बस्तीत हे सगळं मोडकंतोडकं बोलले. आम्ही घरं ती किती! दहा-बारा बायका. एक म्हातारी अक्का म्हणाली, “समुद्र बघितला पण नाही मी, माझं काय व्रत?” मी म्हटलं, “अक्का, न बघता अभय देता येतं, हीच तर या व्रताची गंमत.” तिनं वर्षभर नदीत पिशवी न टाकण्याचा नियम घेतला. दोघींनी नवे मोती न घेण्याचा घेतला. एकीनं स्पष्ट सांगितलं, “मला नाही जमणार, लेकीचं लग्न आहे.” मला तिचा खरेपणा आवडला. न पाळायचं व्रत घेण्यापेक्षा बरं. समुद्रावर रेघा मारणाऱ्यांनीही तिच्याकडून हे शिकावं.

राहिली माझी अंगठी. लेकीनं सांगितलं की दागिन्यातलं लाल पोवळं मालवणचं नसतं, ते बहुतेक भूमध्य समुद्रातून येतं. आपल्याकडच्या खडकांतल्या प्रवाळांना तर २००१ पासून वाघाइतकंच कायद्याचं संरक्षण आहे. म्हणजे मी माझ्या दिशांच्या किती पलीकडून वस्तू आणवली होती! मूलाचारात पृथ्वीकायिक जीवांच्या यादीत प्रवाळ आहे. जग ज्याला दगड म्हणत होतं त्यात जीव आहे, हे आपल्या आचार्यांनी सांगितलं होतं. लेकीचं शास्त्र म्हणतं, ते इवल्या प्राण्यांनी मिळून बांधलेलं घर. दोन्ही मतं तंतोतंत जुळतात असं मी म्हणणार नाही. पण तो निर्जीव खडा नाही, यावर दोन्हींचं एकमत आहे. पाठशाळेत ते पाठ केलेलं असून तीस वर्षं मी तो बोटात घातला.

अंगठी मी काढली. पण आता तिचं काय करायचं ते कळत नाही. विकली तर दुसरी बाई घालील. सुनेला दिली तर माझा दोष तिच्या बोटात जाईल. टाकवत नाही, वडिलांची आठवण आहे. समुद्रात सोडली तर मेलेलं पोवळं काही जिवंत होणार नाही, उलट आणखी एक वस्तू फेकल्यासारखं होईल. म्हणून ती देवघराच्या फडताळात एका डबीत आहे. लेक सुट्टीला आली की डबी उघडते आणि म्हणते, “आई, हा तुझा लाल चौकोन.”